काजळात काढलेलं नाव

“पण पस्तावणारं माणूस आधी ओळखायचं कसं, आक्का?”

कस्तुरीने हे तिसऱ्यांदा विचारलं.

तायाक्का करवंटीत काजळी घोटत होती. तिने मान वर केली नाही. दोन थेंब पाणी टाकलं आणि पुन्हा घोटायला लागली.

हिंगणवाडीचा गुरुवारचा बाजार नुकता भरत होता. करंजाच्या झाडाखाली एक गोणपाट, त्यावर आक्का. पुढ्यात सुयांची पुडी, हळदीची डबी, काजळीची करवंटी आणि एक ओलं फडकं. चाळीस वर्षं तिचा मांड हाच. बदल म्हणाल तर एकच. हल्ली ती दर माणसाला नव्या सुया फोडायची, आणि ही सवय तिला कस्तुरीनेच लावली होती.

“मी काहीतरी विचारतेय.”

“ऐकतीया.”

“मग बोला ना.”

“...”

विचारल्या विचारल्या बोलेल ती आक्का कसली.

कस्तुरीचं मिरजेत गोंदणाचं दुकान होतं. दुकानात त्याला टॅटू म्हणायचं, एवढाच फरक. काचेचं दार, थंड हवा, घुंईं घुंईं करणारं यंत्र आणि भिंतीवर गिऱ्हाइकांच्या हातापायांचे फोटो. तीन वर्षांपूर्वी ती जुनी हातसुई शिकायला आक्काकडे आली होती. चार महिने दर गुरुवारी या झाडाखाली बसून दुधी भोपळ्यावर ठिपके टोचत होती. पोरगी हुशार, हात देखणा. शेवटी शेवटी तिने भोपळ्यावर असा मोर काढला की बाजारातल्या बायका भाजी टाकून बघायला आल्या.

“आता माणसाच्या हातावर टोचू?” तिने तेव्हा विचारलं होतं.

“हात कापतोय का?”

“जरासुद्धा नाही.” कस्तुरीने पंजा ताठ धरून दाखवला होता. पाटावरवंट्यातल्या पाट्यासारखा स्थिर.

“मग न्हाई अजून,” आक्का म्हणाली होती.

कस्तुरीला वाटलं, म्हातारी जळते. ती जी तणतणत उठली ती परत फिरकली नाही. दुकानाच्या पाटीवर मात्र ‘पारंपरिक हातसुईचं गोंदण’ अशी ठसठशीत ओळ लागली. आक्काच्या कानावर ते गेलंच असणार, कारण बाजारात काय कळत नाही. आक्का त्यावर कुणाशी चकार शब्द बोलली नाही.

आज तीन वर्षांनी कस्तुरी परत आली होती. नाक अजून वरच होतं. खाली गेला होता तो हात. महिना झाला, सुई धरली की बोटं लटलट कापत होती. दुकानाला कुलूप होतं, आणि हा हात असाच राहिला तर ते कायमचंच लागणार होतं.

“काय झालंया?” आक्काने शेवटी विचारलं.

“एक मुलगी आली होती. प्राची. एकोणीस वर्षांची. मनगटावर एका मुलाचं नाव काढून मागितलं. मी काढलं.”

“मग?”

“तीन महिन्यांत त्याचं दुसरीकडे जमलं. हिने मनगटावर ॲसिड ओतून घेतलं. चामडी गेली. बोटं नीट मिटत नाहीत आता.”

आक्काचा घोटणारा हात थांबला.

“मी विचारलं होतं तिला,” कस्तुरी घाईने म्हणाली. “विचारल्याशिवाय सुई लावत नाही मी.”

“काय इचारलंस?”

“नक्की ना, म्हणून.”

“मग?”

“नक्की, म्हणाली. कागदावर सही पण केली.”

“...”

“तिची आई आली होती दुकानात. मला वाटलं शिव्या देईल, गल्ली गोळा करील. तिने काहीच केलं नाही. भिंतीवर प्राचीच्या मनगटाचा फोटो होता, नमुना म्हणून लावलेला. तेवढा काढून घेतला आणि गेली.” कस्तुरीने पंजा पुढे धरला. “तेव्हापासून हात असा झालाय.”

आक्का पुन्हा घोटायला लागली.

तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवट गोंदणाने भरलेले होते. कस्तुरीने ते शेकडो वेळा पाहिले होते. डाव्या हातावर, तुळशीच्या खाली, एक नाव होतं. आजवर तिने कधी विचारलं नव्हतं.

“हे कुणाचं?”

“एक व्हता.”

“कुठे असतो?”

“पळून गेला. लगीन झाल्यावर दुसऱ्या साली.”

“पस्तावलात?”

“लई.”

“मग काय केलंत?”

“काय करतीस? भाकरी थापल्या.”

कस्तुरीला हे उत्तर म्हणजे टाळाटाळ वाटली. ती काही बोलणार, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

गिऱ्हाइकं दोन होती. पहिली सुवर्णा, कडेवर वर्षाचं लेकरू, मागे सासू. तिला नवऱ्याचं नाव हवं होतं. कागदावर ते सुबक लिहून, चार घड्या घालून आणलं होतं. दोन वर्षं मनात आहे, म्हणाली. दुसरी हौसाबाई, कांद्याच्या वखारीत पोती उतरवणारी, घामाने थबथबलेली. तिला सखूचं नाव हवं होतं.

“सखू कोण?” कस्तुरीने विचारलं.

“माझ्या जोडीची. ईस वर्सं एका पोत्याची दोन टोकं धरली आमी. गेल्या पंधरवड्यात गेली.” हौसाबाईने पदराने डोळे कोरडे केले. “तिच्या हातावर माझं नाव व्हतं. माझ्या हातावर तिचं काढायचं ऱ्हाऊनच गेलं.”

आक्काला वाचता येत नव्हतं. अक्षर म्हणजे तिच्या लेखी नक्षीच. हौसाबाईची चिठ्ठी कस्तुरीने लिहून दिली. आक्काने काडी काजळीत बुडवली आणि दोघींच्या मनगटांवर दोन नावं उतरवून काढली. सुईला हातसुद्धा लावला नाही.

“सांजच्याला या. दिस बुडायच्या आत.”

ही तिची रीत होती. नुसतं काजळात काढायचं आणि दिवसभरासाठी माणूस बाजारात सोडून द्यायचं. संध्याकाळी तिच्या मनाला आलं तर ती टोचायची, नाहीतर नाही. कस्तुरी चार महिने हे बघत आली होती आणि तिने त्याला जुन्या बायकांचं खूळ म्हणून सोडून दिलं होतं.

दोघी गेल्या. आक्का कस्तुरीकडे वळली.

“सांग. ह्यातली कोण पस्तावंल?”

कस्तुरी सरसावली. हा तिचा प्रांत होता. “हौसाबाई. दुःख ताजं आहे, डोळे अजून सुजलेत. अशा वेळी माणूस काहीही करून बसतं. ती सुवर्णा विचार करून आलीय. कागद बघितला ना किती जपून आणला होता?”

“हं,” आक्का म्हणाली.

दिवस कलला तशी सुवर्णा आली. हात अंगापासून लांब धरलेला. मनगटावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर रबर. रबर काढलं, पिशवी सोडली. काजळ जसंच्या तसं होतं, एक रेघ हलली नव्हती. कस्तुरीने आक्काकडे मोठ्या समाधानाने पाहिलं.

“दिसभर काय केलंस?” आक्काने विचारलं.

“काई न्हाई. हात जपला.”

“लेकरू?”

“सासूबाईंकडं दिलं. ते उगंच हात मारतंय.”

“रडलं?”

“लई. पर मी न्हाई घेतलं.”

आक्काने ओलं फडकं उचललं आणि एका फटक्यात मनगट पुसून काढलं.

“जा. पुन्यांदा कवातरी ये.”

सुवर्णाचे डोळे भरले. सासूने आक्काच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. आक्का आपली करवंटीत बघत बसली. दोघी गेल्या.

मग हौसाबाई आली, पळतच. मनगटावर नाव कुठलं. घामाबरोबर कोपरापर्यंत ओघळलेला काळा पट्टा तेवढा होता.

“गेलं गं आक्का. दोन ट्रक उतरवलं. ध्यानातच ऱ्हायलं न्हाई.” तिचा चेहरा ओशाळला होता. “परत काढतीस?”

“बस,” आक्का म्हणाली, आणि नवी पुडी फोडली.

हौसाबाईने टोचताना हूं की चूं केलं नाही. ओठ तेवढे हलत होते, कुणाशी तरी बोलत असल्यासारखे. हळद लावून घेतली आणि उठून गेली.

कस्तुरीचा तोल सुटला.

“हे कसलं हो? जिने जपलं तिला हाकललंत, आणि जिने घालवलं तिला टोचलंत?”

“...”

“आक्का, मी गंमत बघायला आले नाही. मला उत्तर पाहिजे. एका मुलीचा हात गेलाय माझ्यामुळे.”

आक्का वापरलेल्या सुया कागदात गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळताच तिने विचारलं, “भेटलीस तिला?”

“...”

महिनाभर कस्तुरी प्राचीच्या गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा गेली नव्हती. भाजीला जाताना लांबचा रस्ता धरत होती.

“तिचं नाव माझ्या हातावर गोंदून द्या,” ती एकदम म्हणाली. “इथे, सुई धरायच्या हातावर. जन्मभर दिसू दे मला.”

आक्काने तिच्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ नुसतं पाहिलं.

“पुढल्या बाजारी ये. सकाळच्याला.”

पुढच्या गुरुवारी कस्तुरी पहिल्या एसटीने हजर झाली. चिठ्ठीवर प्राचीचं नाव लिहून दिलं. आक्काने काडी बुडवली आणि तिच्या उजव्या मनगटावर नाव उतरवलं.

“सांजच्याला ये.”

“मलासुद्धा?”

“तुला काय शिंगं आल्यात?”

कस्तुरी एसटी स्टँडच्या बाकावर जाऊन बसली. पहिला तासभर तिने हात मांडीवर उताणा ठेवला. मग सुवर्णा आठवली, पिशवी आणि रबर आठवलं, आणि तिला हसूच आलं. ती काही खेड्यातली भोळी बाई नव्हती. रीत तिच्या ध्यानात आली होती. जपलेलं नाव म्हातारी पुसते, गेलेलं नाव टोचते. बस्स, एवढंच तर आहे.

तिने टपरीवरून साबणाची वडी घेतली. स्टँडमागच्या नळावर मनगट धुतलं. सगळं नाही. कलावंत होती ना. एका अक्षराची पुसट सावली ठेवली, वर थोडी माती चोळली, कामाधामाचा हात वाटावा म्हणून. लांब धरून बघितलं. काम झकास झालं होतं.

संध्याकाळी तिने हात पुढे केला.

“गेलं, आक्का. दिवसभरात कधी गेलं कळलंच नाही.”

आक्काने हात धरला. मनगट बघितलं. मग तो हात हळूच वर उचलला आणि आपल्या नाकाशी नेला.

“...”

“आक्का?”

“लिंबाचा साबण.”

कस्तुरीच्या कानशिलात रक्त चढलं. भोवती दोन बायका भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही हे बघायचीही तिची हिंमत झाली नाही. जन्मात तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“नाव तर गेलं ना?” ती कशीबशी म्हणाली.

“गेलं कुटं. तू घालीवलंस.”

आक्काने गोणपाट झटकला, गुंडाळून काखेत मारला आणि चालू लागली.

“पुढच्या गुरुवारी येऊ?”

आक्काने मागे वळून पाहिलं नाही.

तो आठवडा कस्तुरीने कसा काढला ते तिचं तिला माहीत. दोनदा तिने ठरवलं की दुकान विकून टाकायचं. एकदा सुई हातात घेऊन बघितली. बोटं इतकी कापली की सुई फरशीवर पडली. पुन्हा उचलायला ती वाकलीच नाही.

तरी गुरुवारी ती झाडाखाली उभी राहिली. आक्काने या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. हात ओढला, काडी बुडवली, नाव काढलं. चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. नक्षी तिच्या बोटांत बसली होती.

“दिवस बुडायच्या आत ना?” कस्तुरीने विचारलं.

“आजवर कवा बदललंय?”

ती पुन्हा त्याच बाकावर बसली. आज जपायचं नव्हतं आणि पुसायचंही नव्हतं. दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून ती नावाकडे बघत राहिली.

बघता बघता तिला त्या नावाची भीती वाटायला लागली. खरं तर नावाची नाही, त्या नावाच्या मुलीची. नाव हातावर आलं की चेहरा बघायला जावं लागणार नाही, असा आपला हिशेब होता, हे तिला त्या बाकावर बसून लख्ख कळलं. तिला स्वतःची किळस आली.

अकराची मिरज एसटी फलाटावर लागली होती. कंडक्टरने घंटी मारली. कस्तुरी उठली आणि पळत जाऊन चढली.

प्राचीचं घर दोन खोल्यांचं होतं. दार अर्धं उघडं होतं. आई कणीक मळत होती. कुठल्याशा मेसमध्ये ती पोळ्या करायला जायची आणि आधी घरचं उरकायची. तिने वर पाहिलं. ओळखलं. मळणारे हात थांबले.

“...”

कस्तुरी उंबऱ्याबाहेर उभी होती. तिने रस्ताभर चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता तोंडात नव्हतं. ही बाई लाटणं घेऊन उठली असती तर तिला बरं वाटलं असतं.

“मी...” ती म्हणाली.

“वेणी घालता येते?” आईने विचारलं.

“काय?”

“तिची वेणी राहिलीय. एका हातानं होत नाही तिला. माझे हात बरबटलेत. घालता येते का?”

“येते.”

“मग घाला. तेल फळीवर आहे.”

प्राची आतल्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. उजवा हात पट्टीत, मांडीवर ठेवलेला. तिने कस्तुरीला पाहिलं, आणि मान फिरवून पाठ तिच्याकडे केली. तो राग होता की वेणीसाठी दिलेली पाठ होती, कस्तुरीला कळलं नाही. ती मागे बसली. तळहातावर तेल घेतलं.

केसांत इतका गुंता होता की फणी चालेना. तिने बोटांनी एकेक बट मोकळी करायला घेतली. बोटं कापत होती. प्राचीला ते जाणवलंच असणार.

“पस्तावा होतो?” कस्तुरीने विचारलं. हे विचारायला तिला आधी दोन बटा सोडवाव्या लागल्या.

“नावाचा नाही.”

“मग?”

“ॲसिडचा.”

“...”

“नाव आपलं पडून होतं तिथे. राहिलं असतं. मला एक दिवस दम निघाला नाही.” ती खिडकीबाहेर बघत होती. “तुम्ही विचारलंत ना तेव्हा, नक्की ना म्हणून... तुम्ही मशीनकडे बघत होतात.”

कस्तुरीचे हात थांबले. तिला आठवलं. ती खरंच यंत्राची सुई बसवत होती. त्या प्रश्नाच्या वेळचा या मुलीचा चेहरा तिला आठवत नव्हता, कारण तिने तो पाहिलाच नव्हता.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. चार वाक्यांच्या जागी दोन शब्द निघाले आणि पाठोपाठ डोळ्यांतून पाणी आलं.

प्राचीने मान वळवली, आणि तिचं लक्ष कस्तुरीच्या मनगटाकडे गेलं.

“हे काय? माझं नाव?”

“गोंदून घेणार आहे. तुला विसरू नये म्हणून.”

प्राची त्या काळ्या अक्षरांकडे बघत राहिली.

“म्हणजे तुमच्या हातावर मी जन्मभर भाजलेलीच राहणार?”

“...”

कस्तुरीने पुन्हा तेल घेतलं.

“घट्ट घाला,” थोड्या वेळाने प्राची म्हणाली. “आई सैल घालते. संध्याकाळपर्यंत सुटते.”

वेणी झाली, ती प्राचीला पसंत पडली नाही. सोडून परत घातली. मग आईने बाहेरच्या खोलीतून हाक मारली. ती निघाली होती आणि प्राचीला पट्टी बदलायला दवाखान्यात न्यायचं होतं. कस्तुरीने नेलं. पट्टी सुटली तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. खालचं सगळं बघितलं. प्राचीने डाव्या हाताने तिचं मनगट गच्च आवळून धरलं होतं. परत घरी आणून सोडलं, पाणी तापवून दिलं, तेव्हा कुठे तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं.

एसटी निघून गेली होती. ती एका टमटममध्ये मागे उभी राहून लोंबकळत आली. फाट्यावर उतरली आणि उरलेली वाट पळाली. सूर्य ओढ्याकाठच्या बाभळींवर टेकला होता. बाजार उठत आला होता. आक्का गेली असेल तर पुन्हा इथे यायचं तोंड राहणार नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

आक्का झाडाखाली होती. पुढ्यात सुवर्णा बसली होती, मांडीवर लेकरू. सुवर्णाच्या मनगटावर आज नुसता काळा फराटा होता, आणि उरलेलं काजळ लेकराच्या गालावर, हनुवटीवर आणि थोडं जिभेवरसुद्धा. लेकरू मजेत होतं.

“आले,” कस्तुरी धापा टाकत म्हणाली. “बुडाला नाही अजून.”

“हात.”

तिने हात पुढे केला आणि तेव्हा कुठे तिने स्वतः मनगटाकडे पाहिलं. नाव नव्हतं. तेलकट करडा डाग होता आणि त्यावर चार बोटांचे वळ. कधी गेलं ते तिला आठवेना. प्राचीने विचारल्यानंतर तिने त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

आक्काने हात नाकाशी नेला. डोळे मिटले.

“खोबरेल,” ती म्हणाली.

“...”

“आन् दवाखाना.”



आक्काने काडी उचलली. “परत काढू?”

कस्तुरीने डागाकडे पाहिलं. वेणी आठवली. वेणीवरून वळून बघणारा चेहरा आठवला.

“नको,” ती म्हणाली.

आक्काने काडी सुवर्णाकडे वळवली. फराटा पुसून तिच्या नवऱ्याचं नाव पुन्हा काढलं. मग नवी पुडी फोडली, तीन सुया एकत्र घेऊन दोऱ्याने आवळून बांधल्या, आणि ती जुडी सुवर्णाच्या मनगटावर न टेकवता तशीच कस्तुरीपुढे धरली.

कस्तुरीला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा ती गोणपाटावर बसली. सुवर्णाचं मनगट डाव्या हातात घेतलं. सुयांकडे बघायच्या आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चांगलं थांबून पाहिलं. सुवर्णा घाबरली होती आणि हसत होती. लेकरू तिच्या बांगड्यांशी खेळत होतं.

मग कस्तुरीने जुडी उचलली. तिन्ही टोकं हवेत थरथरली. तिने श्वास धरला, सोडला. टोकं थरथरतच राहिली. तिने हताश होऊन वर पाहिलं.

“आक्का... हात कापतोय.”

“कापतोय न्हवं?”

“हो.”

“...”

“मग आता टोच.”